मागाहूनचा धक्का

भूकंपाची बातमी वर्तमानपत्रांत दोन प्रकारांनीं येते. एक प्रकार पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, पडलेल्या घरांच्या चित्रांसह. दुसरा आंतल्या एखाद्या पानाच्या तळाशीं, चार ओळींत, बाजारभाव आणि पावसाचे आंकडे यांच्या शेजारीं. ‘निकोबार बेटांजवळ समुद्रांत ४.५ रिश्टरचा भूकंप. जीवित वा वित्त हानि नाहीं,’ अशा थाटाची ही दुसरी बातमी वर्षांतून अनेक वेळां छापून येते, आणि बहुतेक वाचक तिच्यावरून नजर फिरवून पुढें जातात. आमच्या घरीं मात्र कित्येक वर्षें ही चार ओळींची बातमी पहिल्या पानाच्या आधीं वाचली जात असे. ती कां, आणि ती वाचतां वाचतां भूकंपाच्या शास्त्रांतली एक साधी पण मोलाची गोष्ट मला कशी उमगली, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

म्हसा हें आमचें गांव मुरबाड तालुक्यांतलें. पौष पौर्णिमेला येथें म्हसोबाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो, घोंगड्या, भांडीं व शेतीचीं अवजारें यांच्या दुकानांनीं माळ भरून जातो. त्यामुळें गांवाचें नांव दूरवर ठाऊक आहे. समुद्राशीं मात्र गांवाचा कांहीं संबंध नाहीं. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, सभोंवार भातखाचरें. आणि समुद्र म्हणजे कल्याण-मुंबईच्या पलीकडची ऐकीव गोष्ट, अशीच आमच्या जुन्या माणसांची समजूत. अशा गांवांतून माझे धाकटे काका लष्करांत गेले, आणि नोकरी संपल्यावर थेट एका दूरच्या बेटावर जाऊन राहिले. इ. स. १९६९ पासून ग्रेट निकोबार बेटावर निवृत्त सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत करण्यास सरकारनें आरंभ केला होता. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडु, आंध्र अशा निरनिराळ्या प्रांतांतलीं कुटुंबें तेथें गेलीं. कॅम्पबेल बे हें तेथील मुख्य ठाणें. त्याच्या दक्षिणेस किनाऱ्याकिनाऱ्यानें गोविंदनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर अशीं आपल्याकडच्यासारखींच नांवें असलेलीं गांवें वसलीं. त्यांपैकीं एका गांवीं काका-काकूंनीं जंगल तोडून नारळी-पोफळीची बाग उभी केली. त्यांचें पत्र बोटीनें यावयाचें. कधीं कधीं त्यास महिना लागे. आजी तें पत्र माझ्याकडून दोनदां वाचून घेई आणि मग देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून देई.

रविवार, ता. २६ डिसेंबर २००४. सकाळीं साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या उत्तर टोंकाजवळ समुद्रतळाखालचा खडक फाटूं लागला. पृथ्वीचें कवच अनेक प्रचंड तुकड्यांचें बनलेलें आहे. त्यांपैकीं भारताचा तुकडा तेथें शेजारच्या तुकड्याखालीं दर वर्षीं कांहीं सेंटिमीटर सरकूं पाहतो. दोहोंमधला सांधा शेंकडों वर्षें अडून राहिला होता. तो त्या सकाळीं सुटला. फाटण्याची ती क्रिया उत्तरेकडे अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर धांवत गेली व तिला आठ-दहा मिनिटें लागलीं. भूकंप ९.१ रिश्टरचा होता. समुद्राचा तळच उचलला गेल्यामुळें ज्या लाटा उठल्या, त्यांनीं चौदा देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसें नेलीं. ग्रेट निकोबारचें दक्षिण टोंक, ज्यास इंदिरा पॉइंट म्हणतात, तें सुमारे सव्वाचार मीटर खचलें, आणि जमिनीवरचें दीपगृह पाण्यांत उभें राहिलें.

आम्हांस त्या बेटाची कांहीं दिवस मुळींच वार्ता कळली नाहीं. मग एका ओळखीच्या जवानाकडून निरोप आला. काका त्या सकाळीं बागेच्या वरच्या अंगाला, टेकडीवर गेले होते, ते वांचले. काकू घरीं होत्या. त्या सांपडल्या नाहींत.

काका त्यानंतर म्हसा गांवीं येतील, अशी आम्हां सर्वांची खात्री होती. ते आले नाहींत. पहिल्यानें छावणींत, मग पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत आणि शेवटीं सरकारनें उंचावर बांधून दिलेल्या घरांत ते राहिले, आणि खाऱ्या पाण्यानें मेलेल्या बागेच्या वरच्या बाजूला त्यांनीं पुन्हां नारळ लावले. आजीला हें कधींच पटलें नाहीं. वर्तमानपत्रांत निकोबारचें नांव दिसलें कीं ती मला जवळ बोलावी, बातमी ऐके, आणि एकच प्रश्न विचारी: “परत यायचा राहिलाय का रे तो?”

तिच्या ह्या साध्या प्रश्नांत भूकंपशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. समुद्रांत झालेला हा ४.५ रिश्टरचा धक्का कोणत्या जातीचा? सरून गेलेल्या मोठ्या भूकंपाचें हें शेंपूट, कीं येऊं घातलेल्या दुसऱ्याचें हें डोकें? शास्त्रज्ञ ज्याला ‘मागाहूनचा धक्का’ म्हणतात तो, कीं ज्याला ‘पूर्वधक्का’ म्हणतात तो? आजीला वाटे, कीं शिकलेल्या माणसांना हें धक्क्याकडे पाहून सांगतां येत असेल. वैद्य नाडी पाहतो तसें. वस्तुस्थिति अशी आहे, कीं लहान धक्क्याच्या अंगावर त्याची जात लिहिलेली नसते. भूकंपमापक यंत्रावर उमटलेली रेघ दोहोंची सारखीच असते. त्याचें स्थान ठरतें तें आधीं काय झालें आणि नंतर काय झालें ह्यावरून. म्हणजे संपूर्ण मालिका पाहून. आणि मालिका संपल्यावांचून ती संपूर्ण कशी दिसावी?

ही गोष्ट मला पुस्तकांतून कळण्याआधीं अंगावरून गेलेली होती. माझें आजोळ शहापूर तालुक्यांत, खर्डीच्या बाजूस. इ. स. १९८३ सालीं मी लहान असतांना तेथें राहत होतों. भातसा धरणाचा जलाशय तेव्हां नुकताच भरूं लागला होता. मे महिन्यापासून त्या भागांत जमिनींतून गडगडल्यासारखे आवाज आणि बारीक धक्के सुरू झाले. प्रथम भांडीं वाजत. पुढें कौलें खळखळूं लागलीं. भाद्रपदांत, ता. १५ सप्टेंबरला, त्या मालिकेंतला सर्वांत मोठा धक्का बसला. तो पांच रिश्टरच्या किंचित् खालचा, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेंत ‘हलका’ होता. परंतु भूकंप आमच्या पायांखालींच असल्यामुळें आम्हांला तो मुळींच हलका वाटला नाहीं. शेजाऱ्यांच्या दगडमातीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. मामांच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनें सारवलेल्या; त्या नुसत्या डोलल्या. तरी त्या रात्रीं सगळी वाडी पावसांत, इरल्यांखालीं, उघड्यावर बसली होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं ह्या मालिकेचा अभ्यास केला. धरणाचें पाणी खडकाच्या फटींतून खोल जातें, तेथील दाब वाढतो, आणि आधींच ताणलेल्या फटींना सरकण्यास वाट मिळते, असें हें कारण. ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेस झालेला मोठा भूकंपहि असाच जलाशयाशीं जोडला गेला आहे, आणि तेथें तर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी बारीक धक्क्यांची नोंद चालूच आहे. खर्डीचें मात्र तसें झालें नाहीं. मोठा धक्का बसला, त्यामागून लहान धक्के येत गेले, विरळ होत गेले, आणि कांहीं महिन्यांनीं वाडींतल्या माणसांनीं अंथरुणें आंत घेतलीं. त्यांनीं तीं आंत घेतलीं तो दिवस त्यांना कोणी सांगितला नव्हता. एका घरानें धीर केला, दुसऱ्यानें पाहिलें, आणि हळूहळू सर्वांनीं तसें केलें.

आतां ह्याच्या शेजारीं किल्लारीची गोष्ट ठेवावी. लातूर जिल्ह्यांतील त्या गांवच्या परिसरांत इ. स. १९९२ च्या उत्तरार्धांत असेच लहान धक्के बसले. तेथेंहि माणसें घाबरलीं, तेथेंहि धक्के विरळ झाले, आणि तेथेंहि लोक पुन्हां घरांत निजूं लागले. पुढें ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति विसर्जनाची रात्र उलटतांना, पहांटे चारच्या सुमारास सहा रिश्टरहून मोठा भूकंप झाला; आणि दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. १९९२ चे ते धक्के पूर्वधक्के होते, हें नांव त्यांना १९९३ नंतर मिळालें. खर्डीच्या माणसांनीं आणि किल्लारीच्या माणसांनीं केलें तें एकच होतें. एकाहून दुसरीं शहाणीं किंवा गाफील होतीं असें नाहीं. फरक भूमीच्या पोटांत होता, आणि तेथें कोणाचीच दृष्टि पोंचत नव्हती.

मग शास्त्राला कांहींच सांगतां येत नाहीं काय? येतें, आणि तें फार सुंदर आहे. इ. स. १८९१ च्या ऑक्टोबरांत जपानांत नोबी प्रांतीं मोठा भूकंप झाला. फुसाकिची ओमोरी ह्या तरुण जपानी शास्त्रज्ञानें त्यानंतरच्या धक्क्यांची दिवसवार मोजणी केली आणि १८९४ सालीं एक नियम मांडला: मोठ्या भूकंपानंतर जसजसा काळ जातो, तसतशी मागाहूनच्या धक्क्यांची संख्या त्या काळाच्या व्यस्त प्रमाणांत घटते. म्हणजे पहिल्या दिवशीं शंभर धक्के झाले असें धरलें, तर दहाव्या दिवशीं दहाच्या आसपास, आणि शंभराव्या दिवशीं एखादा. पुढें जपानांतीलच उत्सु ह्यांनीं हें सूत्र अधिक नेमकें केलें. आणि नोबीच्या भूकंपाचें शेंपूट शंभर वर्षांनंतरहि याच नियमानें वळवळत होतें, असें दिसून आलें.

आमच्या गांवच्या वाचकांस हा नियम समजण्यास जपानला जाण्याचें कारण नाहीं. म्हसोबाची यात्रा फुटतांना पाहावी. पहिल्या दिवशीं मुरबाडच्या वाटेवर गाड्यांची, टेंपोंची आणि बैलांची रीघ लागते. धूळ खालीं बसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती निम्मी होते. आठ दिवसांनीं एखाददुसरा घोंगडीवाला पाल उतरवीत असतो. आणि महिन्यानें कोणी एकटाच विसरलेला खुंट न्यावयास येतो. रीघ कशी ओसरेल हें आपण सांगूं शकतों. पण अमुक गाडी अमुक घटकेला निघेल असें कोणी सांगूं शकणार नाहीं, आणि सर्वांत मागून निघालेली गाडी लहानच असेल असेंहि नाहीं. ओमोरीचा नियम असाच आहे. तो समुदायाविषयीं बोलतो. एकट्यादुकट्याविषयीं तो मौन पाळतो.

काकांना ओमोरीचें नांव ठाऊक नव्हतें. पण बागेच्या हिशेबाच्या एका वहींत त्यांनीं छावणींत असल्यापासून, जाणवलेल्या प्रत्येक धक्क्याची एक उभी रेघ ओढून ठेवली होती. पुढें एकदां सुटीवर आले असतां त्यांनीं ती वही मला दाखविली. पहिल्या पानांवर रेघांना जागा पुरली नव्हती. एका दिवसाला एक पान लागलें होतें. मग एका पानावर एक आठवडा, मग एक महिना, आणि शेवटीं शेवटीं एका पानावर अख्खें वर्ष मावलें होतें. मधेंच मात्र पानें पुन्हां दाट झालेलीं होतीं. २८ मार्च २००५ रोजीं सुमात्राजवळच्या नियास बेटापाशीं ८.६ रिश्टरचा भूकंप झाला. त्याच वर्षीं जुलैंत आणि पुढें जून २०१० मध्यें निकोबारजवळच सातांहून मोठे धक्के बसले. त्या प्रत्येकामागून रेघांची नवी गर्दी उठलेली होती आणि ती पुन्हां विरळ होत गेलेली होती. मोठ्या यात्रेच्या पोटांत लहान लहान यात्रा भराव्या आणि फुटाव्या, तसें तें चित्र होतें. नियासच्या भूकंपाला मागाहूनचा धक्का म्हणावा, कीं पहिल्यानें चेतविलेला शेजारचा स्वतंत्र भूकंप म्हणावा, ह्याविषयीं शास्त्रज्ञांतहि वाद झाला. सामान्यतः मागाहूनचा सर्वांत मोठा धक्का मूळ भूकंपाहून एक रिश्टरहून थोडा अधिक लहान असतो, असा अनुभव आहे. नियासनें तोहि मोडला. नांवें माणसें देतात. जमीन तीं विचारून हलत नाहीं.

येथें एक सार्वत्रिक समजूत तपासून पाहणें जरूर आहे. “लहान लहान धक्के बसतात तें बरेंच, जमिनीचा जोर निघून जातो,” असें आपल्याकडे सर्रास म्हणतात. रिश्टरच्या मापांत एक आंकडा वाढला कीं बाहेर पडणारी शक्ति सुमारे बत्तीस पट होते. ह्या हिशेबानें २००४ च्या भूकंपाएवढी शक्ति बाहेर पडण्यास ४.५ रिश्टरचे सुमारे ऐंशी लक्ष धक्के बसावे लागतील. तेव्हां लहान धक्क्यांनीं मोठ्याचा जोर ओसरतो, हें समाधान खोटें आहे. त्याचप्रमाणें लहान धक्का म्हणजे मोठ्याची वर्दी, ही भीतीहि बहुतेक वेळां खोटी ठरते. कारण शंभर लहान धक्क्यांपैकीं फार थोड्यांच्या मागून मोठा येतो. आणि इतका लहान धक्का समुद्राखालीं झाला तरी त्यानें तळ उचलला जात नाहीं, म्हणून लाटाहि उठत नाहींत. ज्याला आपण ‘हलका’ म्हणतों, तो ना औषध ना रोग. आज निकोबारजवळ असा धक्का होतो, तेव्हां तो २००४ च्या शेंपटाचा शेवटचा केंस, कीं त्या जागेचा नित्याचा, २००४ च्या आधींहि होत असलेला स्पंद, हें वेगळें करून दाखवितां येत नाहीं; एक दुसऱ्यांत विरघळून जातो.

आतां आजीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावें? मी शिक्षक झाल्यावर तिला ओमोरीचा नियम यात्रेच्या दृष्टान्तानें सांगितला. तिनें तो ऐकला, मान डोलावली, आणि म्हणाली, “म्हणजे येणारच नाहीं असं नाहीं ना?” ह्यावर मी “नाहीं” असेंच उत्तर दिलें. खोटा धीर देणें सोपें होतें, पण तिनें तें ओळखलें असतें. तिनें मग मला काकांस पत्र लिहावयास बसविलें. आणि त्यांत एकच मजकूर होता, कीं बाग सोड, जमिनीचा तुकडा येथेंहि आहे, आईच्या डोळ्यांसमोर ये.

काकांचें उत्तर आलें तें माझ्याजवळ अजून आहे. आईस साष्टांग नमस्कार लिहून त्यांनीं म्हटलें होतें: ‘मी येथें राहतों तें धक्का येणार नाहीं म्हणून नव्हे. येईल असें धरूनच राहतों. घर उंचावर आहे. दाराशीं गांठोडें बांधलेलें आहे. टेकडीची वाट मी दर आठवड्याला साफ करतों, आणि वसाहतींतल्या मुलांना ती अंधारांत चालावयास लावतों. तिची जागा येथें आहे. ती सोडून मी कोठें जाऊं?’ शेवटच्या वाक्यांतली ‘ती’ कोण, हें आजीला सांगावें लागलें नाहीं. तिनें पत्र दोनदां वाचून घेतलें व फळीवर ठेवलें. त्यानंतर निकोबारची बातमी आली कीं तिचा प्रश्न बदलला. ती विचारी, “त्यानं वहींत रेघ ओढली असंल ना?” मी “हो” म्हणें, आणि ती आपल्या कामाला लागे. भीति गेली नव्हती; पण भीतीला बसावयास एक जागा मिळाली होती. पुढें आजी गेली, आणि कांहीं वर्षांनीं काकाहि त्याच बेटावर गेले. वसाहतींतल्या मुलांपैकीं कोणी ती वाट अजून साफ ठेवतात, असें त्यांच्या शेजाऱ्यांनीं कळविलें होतें.

हें सर्व दूरच्या बेटाचें झालें. पण आपला किनारा आणि आपला जिल्हा यांनाहि ह्यापासून घेण्यासारखें आहे. ता. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहांटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, अरबी समुद्रांत, आठ रिश्टरहून मोठा भूकंप झाला, आणि त्याच्या लाटांनीं त्या सकाळीं मुंबईच्या किनाऱ्यावरहि माणसें ओढून नेलीं. ऑगस्ट १९४७ मध्यें त्याच भागांत सातांहून मोठा धक्का बसला. त्याला पुष्कळ शास्त्रज्ञ १९४५ चाच मागाहूनचा धक्का मानतात. अलीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून, डहाणू-तलासरीच्या भागांत लहान धक्क्यांचा थवाच उठला. त्यांत एक मोठा आणि बाकीचे त्याचे अनुचर, असें नव्हतें. बरोबरीचेच अनेक, चार रिश्टरच्या आसपासपर्यंतचे. थंडींत माणसें तंबूंत निजलीं. फेब्रुवारी २०१९ च्या आरंभीं धक्का बसतांच घरांतून पळण्याच्या गडबडींत एक दोन वर्षांची मुलगी दगडावर पडून मरण पावली. तिचें घर पडलें नव्हतें. ज्या धक्क्यानें भिंत पाडली नाहीं, त्याच्या भीतीनें मूल नेलें. हलक्या धक्क्याविषयीं बेफिकीर राहूं नये हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें, कीं त्याच्यापुढें भान सोडूं नये.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, कांहीं गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. धक्का चालू असतां जिन्यावरून धांवूं नये. मेजाखालीं किंवा भक्कम पलंगाखालीं शिरून डोकें हातांनीं झांकावें, खिडकीच्या कांचेपासून दूर राहावें, आणि हलणें थांबल्यावर लहानांस हातीं धरून मोकळ्या जागीं जावें. भेग गेलेल्या घरांत परत शिरूं नये. कारण मूळ धक्क्यानें खिळखिळी झालेली भिंत पाडण्यास मागाहूनचा लहान धक्काहि पुरतो, आणि पहिल्या कांहीं दिवसांत अशा धक्क्यांची रीघच असते. समुद्रकांठीं असतांना जमीन जोरानें किंवा पुष्कळ वेळ हलली, अथवा पाणी एकाएकीं मागें हटलेलें दिसलें, तर कोणाच्या भोंग्याची वाट न पाहतां उंचावर जावें आणि लगेच खालीं उतरूं नये. लाटा एकामागून एक अशा कित्येक तास येत राहतात. आपल्या लेखांतून, गप्पांतून, हातांतल्या यंत्रावरून ‘अमक्या वेळीं पुन्हां भूकंप होणार’ असा मजकूर फिरूं लागला, तर तो पुढें धाडूं नये. वेळ सांगणारी विद्या आज जगांत कोणापाशींहि नाहीं.

आणि वडील मंडळींस एक विनंती. घर बांधतांना दगडमातीच्या जाड भिंतीचा अभिमान बाळगूं नये. भिंती एकमेकींस बांधून ठेवणारा पट्टा आणि हलकें छप्पर यांस चार पैसे अधिक लागले तरी ते द्यावे. किल्लारीनें काय शिकविलें आणि खर्डीच्या कुडाच्या भिंतींनीं काय शिकविलें, तें एकच आहे. धक्क्याचें स्थान मालिकेंत कोठें आहे, हें कळेपर्यंत मालिका पुढें गेलेली असते. आपलें स्थान कोठें असावें, कोणत्या भिंतीखालीं आणि कोणत्या वाटेवर, तें मात्र धक्क्याच्या आधीं ठरवितां येतें. तेवढें आज संध्याकाळीं घरीं सर्वांनीं मिळून ठरवावें.